घेणाऱ्याची वाट

नागपुराहून रामटेकास पायीं जावयाचें म्हणजे कामठी, कन्हान आणि मनसर हीं गांवें ओलांडावीं लागतात. अंतर पन्नास किलोमीटरांच्या आंतबाहेरचें. कार्तिकांतल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेस निघालेलीं माणसें हा रस्ता पिढ्यान् पिढ्या तुडवीत आलीं आहेत. पण वाङ्मयांत पाहिलें तर या डोंगरावरून दूरदेशीं निघालेला पहिला प्रवासी माणूस नव्हे, मेघ होय. कालिदासाचा रामगिरि म्हणजेच रामटेक, हें मत नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं आग्रहानें मांडलें. तें मान्य केलें म्हणजे मेघदूताचा पूर्वार्ध हें आमच्या जिल्ह्यांतून निघणाऱ्या एका लांबच्या वाटेचें वर्णन ठरतें. आणि त्या दृष्टीनें तो पुन्हां वाचूं लागलें कीं एक गोष्ट मनांत भरते. यक्ष मेघाला अलकेची वाट सांगतो खरी, पण त्याहून अधिक तो त्याला वाटेंत कोणाकडून काय घ्यावें हें सांगतो. थकलास तर पर्वतांच्या शिखरांवर पाय टेक. क्षीण झालास तर प्रवाहांचें हलकें पाणी पी. आम्रकूट तुला माथ्यावर घेईल, कारण त्याचा वणवा तूंच विझविलेला असशील. पुढें रेवेचें पाणी पिऊन भारी हो, म्हणजे वारा तुला हवा तसा उडविणार नाहीं.

मेघाला हें सोपें आहे. तो पाणी घेतो तें पुढें कोठें तरी देणारच असतो. माणसाची गोष्ट इतकी सरळ नाहीं, हें मला याच रस्त्यावर कळलें.

तीस वर्षांपूर्वीं, ऐन आश्विनाच्या उन्हांत, हट्टानें मी एकटाच रामटेकास पायीं निघालों होतों. कन्हान ओलांडून कोसभर गेल्यावर एका शेताच्या बांधावरून म्हातारीनें हांक दिली, “या जी, घडीभर सावलीत बसा. भाकर अन् चून हाये.” मला कडकडून भूक लागली होती. तरी मी म्हणालों कीं नुकताच जेवून निघालों आहें. पाणी मात्र घेतलें, आणि उठतांना पांच रुपयांची नोट तिच्या तांब्याखालीं सरकविली. तिनें ती पाहिली. “पैसे कायले ठेवता जी? म्या का इथं दुकान मांडलं हाये?” तिच्या आवाजांत राग नव्हता; असता तर बरें झालें असतें. पुढचे पांच-सहा कोस मी भुकेनें कमी आणि त्या प्रश्नानें अधिक थकलों. भाकरीला मीं खोटेपणानें नकार दिला होता आणि पाण्याची किंमत मोजून टाकली होती. म्हणजे तिच्याकडून मीं कांहींच घेतलें नव्हतें, आणि याच गोष्टीचा मला निघतांना अभिमान वाटत होता.

हा अभिमान केवळ माझा नव्हे. त्याला आपल्याकडे मोठी वंशावळ आहे. धर्मशास्त्रांत दान देणाऱ्याचें पुण्य जितक्या मोकळ्या हातानें वाढविलें आहे, तितक्याच जपून दान घेणाऱ्याचें तेज मोजलें आहे. प्रतिग्रह हा शब्दच तेथें थोडा धोक्याचा आहे. दान घेण्याचा अधिकार ब्राह्मणाचा, पण अधिकार असूनहि जो घेत नाहीं तो श्रेष्ठ, कारण घेतल्यानें तेज कमी होतें. यात्रेच्या बाबतींत तर हें अधिकच कडक झालें. महाभारताच्या वनपर्वांत तीर्थाचें फळ कोणाला मिळतें याचें जें वर्णन आहे, त्यांत प्रतिग्रहापासून दूर राहिलेला व असेल त्यांत संतुष्ट असलेला माणूस पुढें ठेवला आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत तीर्थांवरचें प्रकरण वाचलें तर पुण्याचे चक्क अपूर्णांकहि सांपडतात: दुसऱ्याच्या वतीनें यात्रेस जाणाऱ्याला फळाचा सोळावा हिस्सा, दुसऱ्या कामासाठीं जातां जातां तीर्थ घडलें तर अर्धा. हा हिशेब वाचून हसूं येतें. पण त्यामागची भीति हसण्यासारखी नाहीं. जो वाटेंत दुसऱ्याचें खातो त्याची वाट त्याची राहत नाहीं, अशी ती भीति आहे. बांधावरच्या म्हातारीपुढें मीं जें केलें त्याला शास्त्राधार होता म्हणावयाचा!

आणि तरीहि मराठी भाषेच्या आरंभींच्या गद्यांत जी सर्वांत मोठी पायपीट आहे, तिनें या शास्त्राला सरळ उलटें केलें. योगायोग असा कीं ती पायपीटहि रामटेकच्याच नांवानें सुरू झाली.

महानुभाव परंपरा सांगते तें असें. गुजरातेंत भडोच येथील प्रधान विशाळदेव याचा पुत्र हरिपाळ द्यूतांत हरला. देणें फेडण्यासाठीं त्यानें पत्नीजवळ दागिने मागितले आणि तिनें ते नाकारले. त्याचें मन संसारावरून उडालें व त्यानें रामटेकच्या यात्रेची परवानगी मागितली. बापानें पोरावर विश्वास ठेवला नाहीं असें नाहीं, पण राजपुत्राला शोभेल असा लवाजमा बरोबर दिला. घोडे आणि सेवक बरोबर असले म्हणजे यात्रेंत कोणाकडून कांहीं घेण्याची पाळीच येत नाहीं. हरिपाळानें तो लवाजमा वाटेंतच सोडला. एकटा चालत तो आजच्या अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपुरास आला. तेथें गोविंदप्रभु, ज्यांना लोक गुंडम राउळ म्हणत, हाटांत हिंडत होते. रांधवणहाट म्हणजे शिजविलेल्या अन्नाच्या दुकानांची ओळ. तेथलें शेंगुळें ते खात होते. त्यांनीं तें उष्टें शेंगुळें या परक्या माणसाकडे टाकलें आणि त्यानें तें घेतलें. त्या घेण्यांत त्याला शक्ति मिळाली, असा संप्रदायाचा विश्वास आहे. हरिपाळाचे पुढें चक्रधर झाले.

श्रद्धेचा भाग बाजूला ठेवूनहि या कथेंतला बदल पाहण्यासारखा आहे. ज्या माणसाला पत्नीनें मागितलेलें दिलें नाहीं, तो न मागतां मिळालेलें उष्टें घेतो. ज्याच्या मागें आदल्या दिवसापर्यंत सेवक होते, तो बाजारांत उभा राहून वेडसर दिसणाऱ्या एका माणसाच्या हातचें खातो. रामटेकाला निघालेला यात्रेकरू रामटेकाला पोंचला कीं नाहीं, याला कथेंत कांहीं महत्त्वच उरत नाहीं.

पुढें चक्रधरांनीं आपल्या अनुयायांना जो आचार घालून दिला, त्यांत अटन आणि भिक्षा हीं दोन मुख्य अंगें आहेत. आणि त्यांतले भिक्षेचे नियम बारकाईनें पाहिले तर ते प्रतिग्रहाच्या भीतीला दिलेलें उत्तर वाटतात. जेथें ओळख नाहीं अशा देशांत जावें, झाडाच्या तळीं राहावें. भिक्षा चारी वर्णांच्या घरांतून घ्यावी. अमक्याच घरीं जाऊं नये, गोडधोड मिळतें म्हणून एका दाराशीं रेंगाळूं नये. जें झोळींत पडेल तें नदीवर नेऊन खावें. म्हणजे घ्यावें, पण एका हातून इतकें घेऊं नये कीं त्या हाताची सत्ता आपल्यावर चालेल. निवडून घेऊं नये, कारण निवडणारा हा याचक नसून गिऱ्हाईक असतो. चारी वर्णांच्या घरीं हात पसरण्याचा अर्थ तेराव्या शतकांत काय होता हें वेगळें सांगावयास नको. ज्याच्या हातचें अन्न घेतलें त्याला हीन म्हणण्याचा हक्क घेणाऱ्याने गमावलेला असतो. दान देऊन कोणी समतेला पोंचत नाहीं. देणारा वरच राहतो. घेऊन मात्र तेथपर्यंत जातां येतें. मला वाटतें, चक्रधरांच्या पंथाला ज्या रोषाला तोंड द्यावें लागलें त्याचें एक कारण या झोळींत होतें.

लीळाचरित्र हा ग्रंथहि अशाच घेण्यांतून झाला. चक्रधर उत्तरापंथें निघून गेल्यानंतर म्हाइंभट या विद्वान् शिष्यानें, ज्यांनीं ज्यांनीं स्वामींना पाहिलें-ऐकलें होतें त्यांच्याकडे जाऊन एकेक आठवण गोळा केली. कोणाची आठवण कोठें वेगळी पडते तेंहि टिपलें. ग्रंथाचा काळ सामान्यतः १२७८ च्या सुमाराचा मानतात. म्हाइंभट वादांत कोणाला हार न जाणारा पंडित होता. त्याला साध्या बायाबापड्यांच्या तोंडचे शब्द भिक्षेसारखे वेंचावे लागले, आणि मराठी गद्याचा पाया त्या वेंचण्यावर उभा राहिला. पुढें शतकानुशतकें सांकेतिक लिपींत बंद राहिलेलें हें वाङ्मय छापून बाहेर येण्यांत नागपूरकरांचा वाटा मोठा आहे. ह. ना. नेने यांनीं १९३६-३७ च्या सुमारास येथूनच लीळाचरित्राचे भाग प्रसिद्ध केले, आणि नागपूर विद्यापीठाचे कुलगुरु राहिलेले डॉ. वि. भि. कोलते यांनीं १९७८ मध्यें संपादिलेली प्रत आज अभ्यासकांच्या हातीं आहे.

मनसरला रस्त्याला दोन फांटे फुटतात. एक उजवीकडे रामटेकाला वळतो. दुसरा सरळ उत्तरेला देवलापार, खवासा, शिवनी, लखनादौन असा जबलपुरास जातो आणि पुढें मिर्झापुरास गंगेला मिळतो. दक्षिणेंतून काशीस जाणाऱ्यांची ही जुनी वाट. या दुसऱ्या फांट्यावर घेण्याचा प्रश्न निराळाच होऊन उभा राहतो, कारण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं येथें मदतीचा हात पुढें करणाऱ्याच्या दुसऱ्या हातांत रुमाल असूं शकत होता.

विल्यम स्लीमन १८२२ मध्यें नर्मदेकांठच्या नरसिंगपुरास दिवाणी अधिकारी होता. आपल्या कचेरीपासून हांकेच्या अंतरावर, कंदेली गांवांत, ठगांची वस्ती असल्याचें त्याला त्या वेळीं मुळींच ठाऊक नव्हतें, हें त्यानेंच मागाहून लिहून ठेवलें आहे. ठगांची रीत सर्वांना माहीत आहे. ते दरोडेखोरांसारखे अंगावर येत नसत, सोबत देत. वाट अवघड आहे, एकट्यानें जाऊं नका, आम्हीहि तिकडेच निघालों आहों, एवढ्या बोलण्यावर प्रवासी त्यांच्यांत मिसळत. चार-सहा मुक्काम एकत्र होत, गोष्टी होत, आणि मग एका रात्रीं गळ्याभोंवतीं रुमाल पडे. १८३६ मध्यें ठगांविरुद्ध खास कायदा झाला. १८३९ मध्यें मेडोज टेलरची कादंबरी निघाली, आणि ठग हा शब्द जगभर गेला. स्लीमननें काढलेलें ठगांचें चित्र फार मोठें करून दाखविलेलें आहे. राज्य बळकट करण्यास ही भीति इंग्रजांच्या कामास आली, असें किम वॅग्नर यांच्यासारखे अलीकडचे इतिहासकार म्हणतात, आणि त्यांत तथ्य आहे. संख्येचा वाद कसाहि सुटो, प्रवाशाची अडचण त्यानें सुटत नाहीं. एकट्यानें जाणें धोक्याचें म्हणूनच तो सोबत घेई, आणि सोबत हाच धोका असे.

स्लीमनजवळ ठगांनीं दिलेल्या जबान्यांत, कोणाला मारूं नये याची एक यादी आहे. तींत बायका, फकीर, गवई यांच्याबरोबर गंगेचें पाणी घेऊन चाललेला कावडवालाहि आहे. पण भांडीं भरलेलीं असलीं तरच. रिकाम्या कावडीला ही सवलत नव्हती. कालिदासाच्या यक्षानेंहि मेघाला रिकामपणाविषयीं असेंच कांहीं बजावलें आहे, हें वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. असो.

कावडीवरून विष्णुभट गोडसे आठवतात. पेणजवळच्या वरसई गांवचा हा भिक्षुक घरचें कर्ज फेडण्यासाठीं १८५७ मध्यें चुलत्याबरोबर उत्तरेकडे पायीं निघाला. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञांत मोठी दक्षिणा मिळेल, अशी आशा होती. मिळालें तें बंड. झांशींत त्यांनीं राणीचा आश्रय पाहिला, वेढा पाहिला, आणि शहर पडल्यावर गोऱ्या शिपायांकडून लुटून घेतलें. १८५९ मध्यें ते परत आले. पुढें बऱ्याच वर्षांनीं लिहिलेलें त्यांचें ‘माझा प्रवास’ हें पुस्तक चिं. वि. वैद्य यांनीं १९०७ मध्यें प्रसिद्ध केलें. भारतीय माणसानें १८५७ चें डोळ्यांनीं पाहिलेलें वर्णन म्हणून त्याचें महत्त्व आहेच. पण मी तें वाचतों तें घेण्यावर पोट असलेल्या माणसाचें पुस्तक म्हणून. प्रतिग्रह हा गोडसे भटजींचा धंदाच होता. लाज न वाटतां, हिशेब ठेवून, कोणी काय दिलें तें ते सांगतात. लुटले गेल्यावर त्यांच्याजवळ सांगण्यासारखें एकच उरतें: आज कोणीं आसरा दिला, आणि पोटांत काय गेलें.

या पुस्तकांतला एक प्रसंग बहुतेक मराठी घरांत कोणी ना कोणी सांगितलेला असतो. झांशी सोडलेली राणी लक्ष्मीबाई काल्पीच्या वाटेवर घोड्यावरून, धुळीनें माखलेली, तहानेनें व्याकूळ अशी एका विहिरीपाशीं येते. भटजी तेथें असतात. ओळख पटते, ते पाणी काढून देण्यासाठीं पुढें होतात. राणी त्यांना थांबवते. तुम्ही विद्वान् ब्राह्मण, माझ्यासाठीं पाणी काढूं नका, मीच काढून घेतें, अशा अर्थाचें ती बोलते, आणि स्वतः दोर ओढून, ओंजळीनें पाणी पिते.

लहानपणीं हा प्रसंग राणीच्या धर्मनिष्ठेचा म्हणून मला सांगितला गेला, आणि तो तसा आहेहि. आतां मात्र मला भटजींचे रिकामे हात दिसतात. ज्या माणसानें जन्मभर घेतलें, आणि जिच्या शहरांत त्याला कांहीं दिवसांपूर्वीं आश्रय होता, तिला परत देण्यासारखी एकच वस्तु त्याच्याजवळ त्या क्षणीं होती: दहा-वीस हात दोर ओढण्याचे श्रम. राज्य गेलेल्या बाईनें तेवढेंहि घेतलें नाहीं. तिच्या जागीं तिचें बरोबर होतें; कदाचित् आपण अजून कोणाच्या उपकारावर आलों नाहीं हें स्वतःला सांगण्याची तिला त्या वेळीं गरज असेल. पण ज्याचें देणें नाकारलें जातें त्याच्या वांट्याला काय येतें, हें भटजींनीं लिहिलेलें नाहीं. त्यांनीं फक्त तो प्रसंग पंचवीस वर्षें लक्षांत ठेवला. घरीं परततांना मात्र त्यांच्या खांद्यावर भरलेली कावड होती. त्या गंगेच्या पाण्यानें त्यांनीं आईबापांना स्नान घातलें.

आतां नागपूरच्या शेजारींच, वर्ध्यास, यावयाचें. ८ मार्च १९५१ रोजीं विनोबा भावे तेथून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनास पायीं निघाले. परततांना १८ एप्रिलला पोचमपल्लीस रामचंद्र रेड्डी यांनीं शंभर एकर जमीन देऊं केली, आणि पायीं चालणें व मागणें हीं एकत्र आलीं. त्याच वर्षीं १२ सप्टेंबरला ते पवनारहून दिल्लीच्या वाटेस लागले. पुन्हां पवनारला परतावयास त्यांना १९६४ उजाडलें. एवढीं वर्षें हा माणूस ज्या गांवीं गेला त्या गांवचें खाऊन राहिला. भूदानांत मिळालेली पुष्कळ जमीन नापीक होती, पुष्कळ वांटलीच गेली नाहीं, हे आक्षेप खरे आहेत. परंतु मागण्याची जी भाषा त्यांनीं काढली तिला आपल्या परंपरेंत जोड नाहीं. तुम्हांला पांच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा हिस्सा द्या, असें ते म्हणत. प्रतिग्रहाचा सारा जुना पेंच या एका वाक्यानें निराळा होतो, कारण मुलगा घरांत हिस्सा घेतो, त्याला भिक्षा म्हणत नाहींत. बांधावरच्या म्हातारीनें मला हेंच देऊं केलें होतें, आणि मीं तिच्या हातावर दुकानाचे पैसे ठेवले.

विनोबांची हीच शिकवण घेऊन १९६२ मध्यें सतीशकुमार व मेनन हे दोन तरुण अणुबाँबच्या विरोधांत दिल्लीहून पायीं निघाले. जवळ पैसा ठेवूं नका, असें विनोबांनीं त्यांना सांगितलें होतें. पाकिस्तानच्या सरहद्दीवर एका मित्रानें वाटेसाठीं अन्नाचीं पुडकीं आणून दिलीं. हीं अन्नाचीं नव्हेत, अविश्वासाचीं पुडकीं आहेत, असें म्हणून सतीशकुमारांनीं तीं परत केलीं. पलीकडे कोणी जेवूं घालील कीं नाहीं, हें त्यांना ठाऊक नव्हतें. ते मॉस्को, पॅरिस आणि लंडनपर्यंत पोंचले, वॉशिंग्टनलाहि गेले. लखनादौनच्या रस्त्यावरच्या यात्रेकरूनें परक्याचा हात धरतांना जो धोका पत्करला होता, तोच या दोघांनीं पत्करला. त्यांचा निभाव लागला, एवढेंच.

गेल्या हिंवाळ्यांत मी पुन्हां रामटेकास पायीं निघालों. गुडघे आतां पूर्वींसारखे नाहींत, म्हणून दोन दिवस धरले होते. कन्हानच्या पुढें रस्ता ओळखूं येत नाहीं इतका रुंद झाला आहे, आणि तो बांध कोणता हें मला नक्की सांगतां येणार नाहीं. एका शेताशीं मोटारपंप चालू होता. पाण्यासाठीं आंत वळलों तों एक पोरगा डबा सोडून बसला होता. मीच त्याला विचारलें, “एखादी भाकर देशील का?” त्यानें माझ्या बुटांकडे पाहिलें आणि हंसला. “आहे जी, पण रातची हाये.” मी चालेल म्हणालों. त्यानें डबा मध्यें सरकविला आणि दोघेहि जेवलों. चुनांत मीठ अंमळ जास्त होतें.